रुतलेलं, खुंटलेलं, अडवलेलं

पावसाळ्यातलं वर्तमानपत्र उघडा, पहिल्या पानावर एक शब्द हमखास सापडतो: ठप्प. वाहतूक ठप्प, लोकल ठप्प, बाजार ठप्प, जनजीवन ठप्प. शब्द जोरकस आहे, मथळ्यात बसतो आणि वाचणाऱ्याला धक्का देतो. पण त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे काहीतरी थांबलं. का थांबलं, कोणी थांबवलं, पुन्हा सुरू होईल का, यातलं काहीच कळत नाही. मराठीत मात्र न हलणाऱ्या आणि न वाढणाऱ्या गोष्टींसाठी विशेषणांचा इतका मोठा साठा आहे, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक विशेषण थांबण्याचं कारण स्वतःसोबत घेऊन येतं, की एका 'ठप्प'वर सगळं भागवणं हे भाषेचं आणि वाचकाचं दोघांचंही नुकसान आहे. हे प्रकरण त्या साठ्याविषयी आहे.

26 जुलै 2005चा दिवस घेऊ. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर झाला. त्या दिवसाचं वर्णन करायचं तर लोकलमधली माणसं खोळंबलेली होती, पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या गाड्या अडकलेल्या होत्या, नाले तुंबलेले होते आणि सखल वस्त्यांत पाणी साचलेलं होतं. चारही विशेषणं न हलण्याची, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. खोळंबलेला माणूस कशाची तरी वाट पाहतो. गाडी आली की तो निघेल. अडकलेल्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. तुंबलेल्या नाल्याला वाट आहे, पण ती बंद झाली आहे. साचलेल्या पाण्याला मुळात वाटच नाही.

शेवटच्या दोन शब्दांतला फरक नुसता बारकाव्याचा नाही, त्यावर महापालिकेचा खर्च ठरतो. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेतानं बांधलेली होती आणि तिची तोंडं समुद्राकडे उघडतात. भरती आली की समुद्राची पातळी वाढते, पाणी बाहेर पडत नाही आणि वाहिनी तुंबते. गाळ आणि प्लास्टिक अडकलं तरी तुंबते. तिथे उपाय म्हणजे नालेसफाई, भरतीच्या वेळी बंद होणारे दरवाजे आणि पाणी बाहेर फेकणारी उदंचन केंद्रं. परळ-दादरच्या हिंदमाताची गोष्ट वेगळी. तो भाग बशीसारखा खोलगट. चहूबाजूंचं पाणी उतरून तिथे येतं आणि राहतं. नाला कितीही साफ करा, बशी बशीच राहते. म्हणून महापालिकेनं तिथलं पाणी जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली बांधलेल्या मोठ्या टाक्यांत नेऊन ठेवायची आणि पाऊस-भरती ओसरल्यावर बाहेर सोडायची व्यवस्था केली. जे पाणी साचलेलं होतं ते साठवलेलं झालं. 'हिंदमाताला पाणी तुंबलं' असं लिहिणारा बातमीदार नकळत नालेसफाई करणाऱ्यावर ठपका ठेवतो, आणि नाला खरंच कचऱ्यानं बंद झालेला असताना 'पाणी साचलं' असं लिहिणारा त्याला मोकळा सोडतो. वाक्यातलं विशेषण इथे साक्षीदाराचं काम करतं, म्हणून ते खरं असायला हवं.

आता या शब्दांची घडण पाहू, कारण नेमकेपणाचं बरंचसं रहस्य तिथेच आहे. साच, तुंब, रुत, खुंट, अड, रखड, थिज असे धातू घ्यायचे आणि त्यांना -लेला, -लेली, -लेलं लावायचं. मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत अशा शब्दांना धातुसाधित विशेषण म्हणतात. हे विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं: रुतलेला नांगर, रुतलेली बैलगाडी, रुतलेलं चाक, रुतलेले ट्रॅक्टर. त्याच्या पोटात क्रियापद असल्यामुळे ते नुसती अवस्था सांगत नाही, त्या अवस्थेपर्यंत कसं येऊन पोचलं तेही सांगतं. चाक आधी फिरत होतं, मग चिखलात गेलं, आता फिरत नाही, एवढी सगळी हकिकत 'रुतलेलं' या एका शब्दात बसते.

संस्कृतातून आलेल्या विशेषणांचं वागणं निराळं. स्थिर, अचल, निश्चल, स्तब्ध, जड, मंद ही लिंगवचनानं बदलत नाहीत आणि घडून गेलेली हकिकतही सांगत नाहीत. त्यांचा चांगलेवाईटपणा शेजारचं नाम ठरवतं. स्थिर सरकार हवंसं वाटतं, स्थिर भाव गिऱ्हाइकाला हवेसे आणि शेतकऱ्याला नकोसे. रुग्णालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना 'प्रकृती स्थिर आहे' असं सांगितलं जातं, तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं एवढंच असतं की नाडी, रक्तदाब, श्वास यांत सध्या मोठे चढउतार नाहीत. ऐकणारा मात्र 'धोका टळला' असं ऐकतो. अतिदक्षता विभागातला रुग्ण गंभीर असूनही स्थिर असू शकतो. 'प्रकृती गंभीर, पण सध्या स्थिर' असं पूर्ण वाक्य बोललं तर दोन शब्द जास्त लागतात आणि घरच्यांची रात्र खोट्या भरवशावर जात नाही.

पावसाइतकी थांबण्याची विशेषणं आणि वाक्प्रचार दुसऱ्या कशालाच नसतील. 2023 साली मोसमी पाऊस केरळात 8 जूनला आला, म्हणजे 1 जून या नेहमीच्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा. तो 11 जूनला रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथेच खोळंबला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळानं बाष्प आपल्याकडे ओढून घेतलं होतं. पुढची चाल मिळाली ती जवळजवळ दोन आठवड्यांनी, आणि मग 25 जूनला मुंबई आणि दिल्ली या दोन्ही शहरांत एकाच दिवशी तो पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. असं त्याआधी 1961 साली घडलं होतं. जुलैत चांगला बरसून ऑगस्टमध्ये त्यानं दडी मारली; देशभराच्या सरासरीत तो ऑगस्ट 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. एकाच वर्षात दोनदा पाऊस थांबला, पण शेतकऱ्यानं दोन्ही वेळा वेगळे शब्द वापरले. जूनमधला पाऊस लांबलेला, खोळंबलेला. ऑगस्टमधल्या पावसानं ओढ दिलेली. लांबलेल्या पावसात पेरणी थोपवायची असते, बियाणं घरात सुरक्षित असतं. ओढ दिलेल्या पावसात सोयाबीन फुलावर आलेलं असतं आणि विहिरीत पाणी असेल तर ते लगेच द्यावं लागतं. कृषी सल्ल्यात दोन्हींना नुसतं 'पावसाचा विलंब' म्हटलं तर शेतकऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही.

हालचालीकडून वाढीकडे वळलं की शब्द आणखी जपून वापरावे लागतात. झाड वाढत नाही, हे मराठीत किती तऱ्हांनी सांगता येतं पाहा. खुरटं झाड जिवंत असतं, पण जमीन हलकी किंवा पाणी कमी म्हणून उंच होत नाही. वाढ खुंटलेलं झाड आधी नीट वाढत होतं, मध्येच काहीतरी आडवं आलं. वठलेलं झाड उभं असतं, पण त्यात रस उरलेला नसतो. आणि सुप्त बी वाढत नाही ते स्वतःच्या अंगच्या गुणामुळे.

या सुप्तपणाचं मोल भुईमुगाच्या शेतकऱ्याला विचारावं. उपट्या जातींच्या शेंगांतलं बी तयार झालं की त्याला बहुधा विश्रांती लागत नाही. काढणीला उशीर झाला आणि वरून पाऊस पडला, तर शेंग जमिनीत असतानाच दाण्याला कोंब फुटतो आणि हाती आलेलं पीक जातं. पसऱ्या आणि निमपसऱ्या जातींचं बी मात्र काही आठवडे, कधी काही महिने, ओल मिळाली तरी उगवत नाही. तिथे न वाढणं हा दोष नाही, ती पिकाची राखण आहे. म्हणून उपट्या जातींत थोड्या दिवसांची सुप्तावस्था आणण्यासाठी पैदासकार खटपट करत आले आहेत. अशा बियाला कोणी 'निर्जीव' किंवा 'खुंटलेलं' म्हटलं तर ते सरळसरळ चूक ठरेल. 'सुप्त' हे विशेषण वाचकाला थांब म्हणतं, आत काहीतरी चालू आहे असं सांगतं.

माणसाच्या मुलांबद्दल लिहिताना तर या फरकाला फारच मोल येतं. वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या बालकांची मोजणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात होते. जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेल्या मध्यापेक्षा उंची दोन प्रमाण विचलनांहून जास्त खाली असेल तर ते मूल या गटात धरतात. 2015-16च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 34.4 टक्के मुलं या गटात होती, 2019-21मध्ये 35.2 टक्के. याच काळात देशाचा आकडा 38.4वरून 35.5वर आला. म्हणजे देश पुढे सरकला आणि महाराष्ट्र होता तिथेच राहिला, किंचित मागेच गेला.

या मुलांना मराठीत काय म्हणायचं? अहवालांत 'खुजी बालके', 'बुटकी बालके' असे शब्द दिसतात. मला ते पटत नाहीत. खुजं हे विशेषण मुलाला चिकटतं. जणू त्याची ती जातच, आईबापांची उंचीच तेवढी. 'वाढ खुंटलेलं मूल' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कशानं खुंटली? आणि त्याची उत्तरं ठाऊक आहेत. गरोदर आईचं अपुरं खाणं, कमी वजनाचा जन्म, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेवर आणि पुरेसं न मिळणं, घाणेरड्या पाण्यामुळे वारंवार होणारे जुलाब. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत हे घडतं आणि त्यानंतर राहिलेली उंची भरून काढणं अवघड होतं. उंचीच्या मानानं वजन घटलेलं, रोडावलेलं मूल नीट खाऊपिऊ घातलं, आजार बरा केला तर काही आठवड्यांत सावरू शकतं. वाढ खुंटलेल्या मुलाचं तसं नसतं. अंगणवाडी सेविका दीड वर्षाच्या बाळाला लाकडी फळीवर आडवं निजवते, आई डोकं धरते, सेविका गुडघे हळूच दाबून तळव्याला फळीचा सरकता भाग टेकवते आणि सेंटिमीटर वाचते. तो आकडा रजिस्टरमध्ये जाईपर्यंत बाळावर कुठलाही शिक्का नसतो. शिक्का विशेषण मारतं, म्हणून ते निवडताना हात आखडता असलेला बरा.

कारण चुकीच्या जागी चिकटवणाऱ्या विशेषणाचं एक गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रात आहे. 1950 ते 1980 या काळात भारताचं राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलं. लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती, त्यामुळे माणशी वाढ एक-सव्वा टक्काच उरे. 1970च्या दशकाच्या अखेरीस अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी या गतीला 'हिंदू विकासदर' असं नाव दिलं आणि ते जगभर पसरलं. लक्ष वेधण्याचं काम त्या नावानं केलं, पण परवाना पद्धत, शेतीतली कमी उत्पादकता, दुष्काळ, युद्धं, परकीय चलनाची टंचाई ही कारणं झाकून सुस्तीचा बोल एका समाजाच्या स्वभावावर लावला. शिवाय ती वाढ खुंटलेलीही नव्हती. ती मंद होती. मंद म्हणजे चालू आहे, पण हळू. मंदावलेली म्हणजे आधी वेगात होती, आता कमी झाली. मंदी हा आणखी तिसरा प्रकार. अर्थविषयक लेखनात हे तीनही शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास टाकले जातात आणि वाचकाला आपला देश घसरतोय की नुसता हळू चालतोय, हेच कळेनासं होतं.

स्वयंपाकघरात मात्र अजून कोणी गोंधळ करत नाही. थंडीत खोबरेल तेल थिजतं, कारण सुमारे 24 अंशांच्या खाली ते घट्ट होऊ लागतं. ऊन दाखवलं की पुन्हा पातळ. पाणी गोठतं. रक्त साकळतं. बासुंदीचं दूध आटतं, खीर आळते. लोणचं मुरतं. थिजलेलं आणि गोठलेलं परत पूर्वस्थितीत येतं, साकळलेलं आणि आळलेलं येत नाही, आणि मुरलेलं तर बरणीत जागच्या जागी राहून चांगलं होतं. म्हणूनच आपण एखाद्या गायकाला 'मुरलेला' म्हणतो, कधी 'आळलेला' म्हणत नाही. घरात इतकी काटेकोर असणारी भाषा कचेरीत शिरली की एवढी सैल का होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कचेरीतल्या भाषेत सगळ्यात महत्त्वाचं अक्षर आहे 'व'. अडलेलं काम आणि अडवलेलं काम. थांबलेली बस आणि थांबवलेली बस. रखडलेली भरती आणि रखडवलेली भरती. गोठलेलं पाणी आणि गोठवलेलं खातं. धातूत 'व' आला की तो प्रयोजक होतो आणि वाक्यात एक माणूस उभा राहतो: ज्यानं अडवलं तो. 'व' काढून टाकला की तो माणूस नाहीसा होतो, आणि काम आपलं आपणच अडलं असं वाटू लागतं. सरकारी पत्रातलं 'प्रलंबित' हे विशेषण याच कामासाठी फार सोयीचं. प्रस्ताव प्रलंबित आहे, देयक प्रलंबित आहे, वारसनोंद प्रलंबित आहे. कोणाकडे आणि कधीपासून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणाऱ्याला माझं सांगणं असं, की 'माझं प्रकरण प्रलंबित का आहे' असं विचारू नका. 'माझं प्रकरण सध्या कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे' असं विचारा. विशेषण बाजूला सारलं की उत्तराला नाव आणि तारीख येते.

बँकेतही हाच फरक पैशांत मोजता येतो. बचत खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकानं स्वतः काही व्यवहार केला नाही की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते 'निष्क्रिय' होतं. दहा वर्षं असंच राहिलं तर त्यातली रक्कम ठेवीदारांच्या शिक्षण आणि जागृतीसाठी 2014 साली स्थापन झालेल्या निधीत जाते. तरीही खातेदार किंवा वारस तिच्यावर कधीही हक्क सांगू शकतो. ओळखीची कागदपत्रं नव्यानं दिली की खातं पुन्हा चालू होतं आणि त्यासाठी बँकेनं शुल्क घ्यायचं नसतं. 'गोठवलेलं' खातं मात्र न्यायालयाच्या, पोलिसांच्या किंवा कर खात्याच्या आदेशानं बंद झालेलं असतं. तिथे आधार कार्ड घेऊन शाखेत गेल्यानं काही होत नाही, आदेश देणाऱ्याकडे जावं लागतं. वडिलांच्या पश्चात पासबुक घेऊन आलेल्या बाईला खिडकीवरून 'खातं बंद आहे, काकू' एवढंच सांगितलं जातं, तेव्हा तिला घाबरायचं की अर्ज भरायचा हे समजत नाही. योग्य विशेषण उच्चारायला त्या कर्मचाऱ्याला एक सेकंद जास्त लागला असता.

जुन्या कारभारी मराठीनं काही शब्द मात्र फार चोख घडवले आहेत. 'तहकूब' हा त्यातला एक. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेच्या सूचनापत्राखाली बहुधा एक ओळ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेण्यात येईल. तहकूब सभा रद्द झालेली नसते, संपलेलीही नसते. तिला पुन्हा भरायचं असतं, आणि केव्हा भरायचं तेही ठरलेलं असतं. शेतजमिनीच्या नोंदींतला 'चालू पड' हा शब्दही असाच. यंदा पेरली नाही ती चालू पड. एक ते पाच वर्षं न पेरलेली ती इतर पड, आणि त्याहून जास्त काळ तशीच राहिली तर ती लागवडीयोग्य पडीक. जमीन किती दिवस निजून आहे याचा हिशेब विशेषणातच लिहिलेला.

याच परंपरेतला, पण मला खटकणारा शब्द म्हणजे धरणांचा 'मृतसाठा'. सोलापूर जिल्ह्यात भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण क्षमता 117.23 अब्ज घनफूट. त्यातला 53.57 उपयुक्त साठा आणि 63.66 मृतसाठा. निम्म्याहून जास्त पाणी नावानं मेलेलं. तांत्रिक अर्थ एवढाच की या पातळीखालचं पाणी आपोआप कालव्यात उतरत नाही. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी उणे मोजू लागतात. सोलापुरात कोणीही सांगेल, 'धरण मायनसमध्ये गेलं'. 2024च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही पलीकडे गेलं होतं. तेवढ्या दिवसांतही त्या मृत पाण्यावर मासेमारी चालली, करमाळा-इंदापूरच्या काठांवर शेतकऱ्यांनी पाइपाला पाइप जोडत मोटारी उतरत्या पाण्यामागे पुढे नेल्या, आणि सोलापूर शहराच्या पिण्यासाठी त्यातूनच नदीत पाणी सोडावं लागलं. 'मृत' हे विशेषण कालव्याच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचं आहे. धरणाच्या काठावरच्या माणसाचं नाही. खात्याची संज्ञा म्हणून ती राहणारच. पण बातमी लिहिणाऱ्यानं 'साठा मृत पातळीत' असं लिहिल्यावर पुढच्याच वाक्यात ते पाणी कोणाला मिळणं बंद झालं, कोण अजून उपसतंय आणि पिण्यासाठी त्यातलं किती राखून ठेवलंय, हेही लिहावं. ही माहिती पाटबंधारे खात्याकडे रोज सकाळी तयार असते.